हुकलेला कलर

हातात इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती. मेजावर उघडलेली पाच पानं: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी आणि शेवटी बदाम तिर्री. चार इस्पिकं जमली, पाचवं आलंच नाही, कलर हुकला. सहा-सात-आठ-नऊ अशी रांग लागत होती, तीही अर्धवट राहिली. उरला नुसता राजा. आणि या माणसानं पुढ्यातल्या सगळ्या चिप्स आत ढकलल्या!

हा क्रिस मनीमेकर. आडनाव खरंच हेच. टेनेसीतला हा अकाउंटंट ऑनलाइन पात्रता फेरी जिंकून २००३ साली लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ला पोचला आणि ८३९ जणांतून शेवटच्या दोघांत उरला. समोर मुरलेला सॅम फरहा, ओठात न पेटवलेली सिगरेट. त्याच्याकडे नव्वीची जोडी होती, म्हणजे डाव त्याचाच होता. तुझा कलर हुकलेला दिसतोय, असं तो बोलूनही गेला. मनीमेकर गॉगलआड गप्प. फरहानं बराच विचार केला आणि पानं टाकून दिली.

खरं काय ते तोंडून निघालं, तरी त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला नाही. का बसावा? तिसरं इस्पिक उघडताच मनीमेकरनं बोली वाढवली होती. ज्याचा कलर झालाय तो हेच करेल. हूल एका क्षणात देता येत नाही, दोन चाली आधीपासून रचत आणावी लागते.

आपण याला छातीचं काम समजतो. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमननं ते गणितात बसवलं. १९४४ साली ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबर लिहिलेल्या खेळ-सिद्धान्ताच्या ग्रंथात त्यानं पोकरचं एक साधं रूप सोडवलं. उत्तर असं की हूल द्यावीच लागते. फक्त चांगल्या पानांवर बोली लावणाऱ्याला पुढे कुणी पैसेच देत नाही. आणि ती द्यायची सगळ्यात भिकार पानांवर! मधली पानं गुपचूप दाखवून कधीमधी जिंकतात, ती उगाच कशाला जाळायची?

किती वेळा द्यायची? पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १०० असताना तुम्ही १०० लावलेत, तर समोरचा १०० घालून २०० मिळवू बघतो. तीनांतून एकदा तो बरोबर ठरला की त्याची बरोबरी. म्हणून अशा तीन बोलींत दोन खऱ्या, एक खोटी. मग त्यानं पैसे भरले काय नि पानं टाकली काय, सारखंच. आता नेमकी कोणती खोटी? तिथे मन आपसूक ठरावीक चाकोरीत पडतं, म्हणून काही खेळाडू चक्क घड्याळाच्या सेकंदकाट्याला विचारतात.

२०१७ मध्ये पिट्सबर्गला ‘लिब्रॅटस’ या संगणक प्रोग्रॅमनं चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं. त्याला चेहरा नव्हता, हूल द्यायला कुणी शिकवलंही नव्हतं. स्वतःशीच खेळता खेळता ती त्याला सापडली.

माणसांचं मात्र काहीतरी गळतंच. २०१३ च्या एका अभ्यासात व्यावसायिकांच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. नुसता चेहरा पाहून लोक पुरते फसले. चिप्स सरकवणारे नुसते हात पाहणाऱ्यांचा पानांबद्दलचा अंदाज मात्र बरा निघाला.

हे कळल्यापासून मनीमेकरच्या त्या डावाची चित्रफीत लावली की मी गॉगल सोडून त्याच्या हातांकडे बघतो. अजून तरी काही दिसलेलं नाही.