पुडा फोडला की लिहायचं

महिन्याच्या वाणसामानाची यादी करायची म्हटलं की आपण कागद शोधतो. माझ्या सासूबाई स्टूल शोधतात. वरच्या फळीवरचे डबे एकेक करून ओट्यावर उतरतात. झाकण उघडायच्या आधी त्या डबा दोन्ही हातांत तोलतात, किंचित हलवतात आणि "तूरडाळ आठवडाभर जाईल" असं सांगून मोकळ्या होतात. मी मागून झाकण उघडून बघते, अंदाज सहसा बरोबर निघतो. डब्यात एक स्टीलची वाटी कायम पडलेली असते. एका वेळच्या वरणाला एक वाटी, पाहुणे असले तर दीड. सगळा हिशेब त्या वाटीवर.

पूर्वी एवढं पुरत होतं, कारण सामान भरणारा हात एकच होता. आता आमच्या डोंबिवलीच्या घरात तीन फोनवरून सामान येतं. डबा खाली उतरवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात दारात रव्याचा पुडा हजर. रवा घरात असतोच. फक्त पुढच्या बरणीत जाड असतो आणि बारीक मागे, पिशवीला रबर लावून कोपऱ्यात सारलेला. मग तिथे त्याला जाळी धरते. दुबार खरेदीचं मूळ विसरभोळेपणात कमी आणि या रबर लावलेल्या पिशव्यांत जास्त असतं, असं माझं मत आहे.

त्यावर सासूबाईंनी बसवलेली पद्धत साधी आहे. प्रत्येक जिन्नसाचा एक डबा आणि त्याच्या मागे एकच बंद पुडा. डबा रिकामा झाला की पुडा फोडायचा, आणि डब्यात ओतायच्या आधी कपाटाच्या दारामागच्या पाठकोऱ्या कागदावर नाव लिहायचं. पेन्सिल तिथेच दोऱ्याला टांगलेली. म्हणजे जिन्नस संपल्यावर नव्हे, राखीव पुडा फुटला की यादीत चढतो. पुड्यावरची तारखेची पट्टी कात्रीने कापून झाकणाला आतून चिकटवतात. जुना माल डब्यात शिल्लक असताना त्यावर नवा ओतायला सक्त मनाई, कारण तळाचा तसाच राहतो आणि टोके तिथूनच सुरू होतात. फोनवरून मागवणाऱ्याने आधी दारामागचा कागद बघायचा. कागदावर नाव नाही, तर वस्तू घरात आहे.

चाकणच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारे माझे दीर हे बघून हसले. नटबोल्टही असेच दोन खोक्यांत ठेवतात म्हणाले. एक खोकं रिकामं झालं की मागणी जाते. टोयोटाच्या ताइची ओनो यांना कानबान पद्धत सुचली ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटांवरून, जेवढं गिऱ्हाइकाने उचललं तेवढंच फळीवर पुन्हा भरायचं या रीतीवरून. म्हणजे मूळ कल्पना वाणसामानाचीच!

ही पद्धत हटकून फसते ती उपासाच्या सामानात. साबुदाणा, वरी, राजगिऱ्याचं पीठ, शिंगाड्याचं पीठ हे रोजच्या राबत्यातले जिन्नस नव्हेत. आषाढीला आणलेली वरी अर्धी उरते, ती मागे जाते. श्रावणात नवी येते, नवरात्रात आणखी एक. महाशिवरात्रीला कपाट आवरताना तीन पिशव्या तोंड बांधून बसलेल्या सापडतात. दिवाळीनंतर चारोळी आणि खसखस यांचीही तीच गत, त्यात चारोळी पटकन खवट होते. म्हणून उपासाचं सगळं आता एकाच चौकोनी डब्यात असतं. एकादशीच्या आदल्या दिवशी तो अख्खा डबा ओट्यावर उपडा करायचा, मगच काय आणायचं ते ठरवायचं. चारोळी, खसखस फ्रिजमध्ये, त्याही दारातल्या कप्प्यात, समोर.

सामानाची नोंद ठेवणारी अ‍ॅपही आहेत. मुलाने एक उतरवून घेतलं, बारकोड दाखवून दाखवून सगळं भरलं. पण पोह्यांचा शेवटचा मूठभर भाग काढताना हात तेलातिखटाचे असतात. त्या हातांनी फोन कोण उघडणार? पेन्सिलीला तेल लागलं तरी चालतं.

गावाहून येणाऱ्या सामानापुढे मात्र कुठलाच कागद चालत नाही. मे महिन्यात रत्नागिरीहून कुळथाचं पीठ आणि आमसुलं येतात, घरात गेल्या वर्षीची असली तरी येतात. नको म्हणायची सोय नसते. सासूबाई पिशवी तशीच जमिनीवर ठेवून त्याच दिवशी वाटे घालतात: एक शेजारच्या काकूंना, एक नणंदेकडे, उरलेलं घरात. आमसुलं वर्षभर टिकतात, त्यांची चिंता नाही. कुळथाचं पीठ मात्र पुढचे पंधरा दिवस दर दोन दिवसांनी पिठलं होऊन ताटात येतं, आणि तक्रार करायची कुणाची टाप नसते.