मलिकंबरी धारा

दोन-दोन पिढ्या पुण्या-मुंबईत काढलेल्या आपल्या घरांतही माळ्यावरच्या ट्रंकेत गावाकडच्या जमिनीचा सातबारा जपून ठेवलेला असतो. जमीन कसतो दुसराच, वाटा येतो तो नावापुरता. पण दिवाळीच्या साफसफाईत तो कागद निघाला की घरातले वडीलधारे चष्मा लावून तो एकदा वाचून पाहतात. क्षेत्र किती, आकार किती, पीक कोणते! त्या कागदावरचा सातबारा इंग्रजी अमदानीतला हे खरे. परंतु जमिनीचा कस पाहावा, तिच्यात पिकते किती ते पाहावे आणि मगच सरकारचा हिस्सा ठरवावा, हा विचार महाराष्ट्रात ज्याच्या नावाने ओळखला गेला, तो माणूस इंग्रज नव्हता, मराठाही नव्हता. तो होता एक हबशी गुलाम. जुन्या कागदपत्रांत त्याच्या साऱ्याला 'मलिकंबरी' असेच म्हटलेले सापडते. या मलिक अंबरच्या मृत्यूला २०२६ मध्ये चारशे वर्षे पूर्ण होतात.

गनिमी काव्याने मोगलांना रडवणारा सेनापती म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे. खडकीचे, म्हणजे पुढच्या औरंगाबादचे आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, शहर वसवणारा आणि तिथे जमिनीखालून नहर आणणारा म्हणूनही ठाऊक आहे. पण लढाईला पैसा लागतो आणि नहरीलाही लागतो. तो पैसा त्याने कुठून आणि कसा उभा केला, याकडे मात्र आपले लक्ष फारसे जात नाही. माझ्या मते त्याच्या साऱ्या कर्तबगारीचे मूळ तिथेच आहे.

सुमारे १५४८ साली हबसाणात जन्मलेले हे पोर लहानपणीच विकले गेले. मोखा, बगदाद अशा बाजारांतून फिरत ते मीर कासिम नावाच्या एका व्यापाऱ्याच्या हाती पडले. या मालकाने त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवले, असे सांगतात. 'अंबर' हे नावही त्याचेच. पुढे दख्खनेत त्याला विकत घेतले ते अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने, आणि हा चंगेजखानही हबशीच! राज्याच्या कारभाराची पहिली तालीम अंबरला या घरात मिळाली. १५७४ च्या सुमारास धनी वारला आणि गुलाम मोकळा झाला. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे विजापूर, गोवळकोंडा, पुन्हा निजामशाही अशी शिलेदारीत गेली. १६०० साली अहमदनगरचा किल्ला अकबराच्या हाती पडला. निजामशाही बुडाली असे सर्वांनी धरले, तेव्हा या पन्नाशीच्या माणसाने परांड्याला मुर्तजा नावाचा एक राजपुत्र गादीवर बसवला आणि राज्य पुन्हा उभे केले.

उभे केले म्हणायचे, पण होते काय त्यात? राजधानी गेलेली, निम्मा मुलूख शत्रूकडे आणि उरलेल्या मुलखावर दरसाल मोगली फौजांची धाड. त्यात भर मक्त्याची. परगण्याचा वसूल जो जास्त बोली लावील त्याला द्यायचा, ही तेव्हाची सोयीची रीत होती. सरकारला रक्कम बसल्या जागी मिळे. मक्तेदार ती रक्कम अधिक आपला नफा रयतेकडून काढी. मक्ता एका-दोन सालांचा. पुढच्या साली ही रयत जगली काय नि परागंदा झाली काय, त्याला सुतक नव्हते. कुणबी कंटाळला की बैल-नांगर घेऊन रातोरात दुसऱ्याच्या मुलखात जाई. जमिनीला तोटा नव्हता. तोटा होता तो कसणाऱ्या हातांचा. ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून अंबरने पुढे काय केले ते कळत नाही.

त्याने मक्ते बंद केले. वसुलीवर सरकारी माणसे नेमली; हिशेब ब्राह्मण कारकुनांकडे आणि देखरेख मुसलमान अंमलदारांकडे. देशमुख-देशपांड्यांचे मधले वजन कमी करून त्याने व्यवहार शक्यतो थेट गावच्या पाटलाशी जोडला. जिथे गावगाडा मोडला होता तिथे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार पुन्हा बसते केले. पाटलाला वतनाची आणि मिरासदाराला जमिनीच्या हक्काची शाश्वती दिली, असेही परंपरा सांगते. म्हणजे पळून जाण्यापेक्षा राहण्यात त्याचा फायदा होईल, अशी तजवीज केली.

आणि मग सारा. तोडरमल्लाने उत्तर हिंदुस्थानात जमीन मोजून, दहा सालांची सरासरी काढून बिघ्याला दर बांधले होते. ते नाव अंबरच्या कानांवर असणारच. पण दोरी घेऊन गावोगाव मोजणी करायला शांतता लागते, आणि तीच त्याच्यापाशी नव्हती. त्याने दुसरी वाट धरली. जमिनीचा कस पाहायचा, खळ्यावरची रास पाहायची आणि आरंभी सरकारचा हिस्सा धान्यातच घ्यायचा. तो पाच भागांत दोन असे, असे म्हणतात. दहा मण जोंधळा झाला तर चार मण सरकारात, सहा मण घरात. असे काही हंगाम जाऊ दिले. कुठल्या गावात बऱ्या साली किती येते आणि वाईट साली किती, याचा अंदाज दप्तरात उतरला. मग धान्याऐवजी रोकड ठरवली, आणि तीही कायमची नव्हे, तर त्या त्या साली लागवड किती झाली ते पाहून. पड राहिलेल्या रानाचा सारा मागायचा नाही!

ही रोकड उत्पन्नाच्या एक तृतीयांशाएवढीच पडे, असे परंपरेने सांगितले जाते. पाचांत दोनवरून तीनांत एक, ही सूट कशासाठी? कागदोपत्री कारण कुणी लिहून ठेवलेले नाही, पण घरसंसार चालवणाऱ्याला ते उमगण्यासारखे आहे. धान्यात हिस्सा दिला की भावाची काळजी सरकारची. रोकड द्यायची म्हटले की कुणब्याला सुगीतच, भाव पडलेला असताना, धान्य बाजारात न्यावे लागते. ते नुकसान सरकारने थोडे आपल्या अंगावर घेतले असावे, असा माझा तर्क आहे. अर्थात जे उरे तेही फार नव्हे. तिसरा हिस्सा देऊन झाल्यावर बी-बियाणे, बलुते आणि सावकार होतेच. परंतु किती द्यायचे हे आधी कळणे, ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते मक्तेदाराच्या दारात उभे राहिलेल्यालाच ठाऊक!

या घडीची परीक्षा आजच्या जालना जिल्ह्यात झाली. तेव्हा हा सारा टापू मोगल आणि निजामशाही यांच्या ओढाताणीत सापडलेला. बदनापूर तालुक्यात रोषणगाव आहे. १६१६ च्या फेब्रुवारीत खानखानानचा मुलगा शाहनवाझखान याने तिथे अंबरचा सपशेल पराभव केला. लखुजी जाधवराव आणि आणखी काही सरदार ऐन वेळी मोगलांना मिळालेले. विजयी फौज खडकीवर गेली आणि तिने ते सहा वर्षांचे नवे शहर जाळून-पाडून टाकले. दुसऱ्या साली शाहजादा खुर्रम दख्खनेत आला आणि अंबरला अहमदनगरचा किल्ला व बालाघाटचा मुलूख सोडावा लागला. दुसरा कोणी असता तर संपला असता. पण १६२० साली याच माणसाच्या फौजा बुऱ्हाणपुराला वेढा घालून बसल्या होत्या आणि त्याचे स्वार नर्मदा ओलांडून मांडूपर्यंत जात होते. शहर जळाले, पण खजिना शहरात होताच कुठे? तो शेतांत होता.

याच सुमारास बादशहा जहांगीराने अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. आज ते चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. जहांगीराला हे मुंडके मिळाले ते एवढ्या चित्रातच!

अंबर हा कुणी साधुपुरुष नव्हता, हेही सांगितले पाहिजे. ज्या मुर्तजाला त्याने गादीवर बसवले, त्याचा काटा १६१० मध्ये त्यानेच विष घालून काढला, असे समकालीन लिहितात. पीटर व्हान डेन ब्रूके नावाचा डच व्यापारी १६१७ साली त्याला भेटला होता. अंबरच्या मुलखात सोने घेऊन निर्धास्त जावे, असे तो लिहितो आणि लोक या माणसाला फार मानतात असेही. पण दारुड्याच्या घशात शिसे ओतण्याची शिक्षाही तोच नोंदवतो. रयतेची कणव हे या सुधारणेचे मूळ आहे, असे मला वाटत नाही. पंचवीस वर्षे चालणाऱ्या लढाईला दरसाल पैसा हवा होता, आणि रयत टिकली तरच तो मिळेल, हे त्याला कळले होते. पुष्कळ राजांना तेवढेही कळत नाही.

१६२४ साली भातवडीला मोगल आणि विजापूरकर यांच्या एकवटलेल्या फौजेला त्याने धूळ चारली. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते. १६२६ च्या मे महिन्यात, ऐंशीच्या घरात असताना, तो वारला. खुलताबादेत त्याने आपल्या हयातीतच बांधवून ठेवलेल्या घुमटाखाली त्याला पुरले. त्यानंतर घडी विस्कटायला दहा वर्षेही लागली नाहीत. मुलगा फत्तेखान बापासारखा निघाला नाही. १६३० पासूनच्या दुष्काळाने गावेच्या गावे ओस पडली, आणि १६३६ साली निजामशाही कायमची संपली.

मुलूख मोगलांकडे गेला, पण वसूल काही आला नाही. १६५२ मध्ये औरंगजेब दख्खनेचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा नेमला गेला, तेव्हा कागदावरची जमा ३ कोटी ६२ लाखांची होती आणि प्रत्यक्षात हाती येत होता सुमारे १ कोटी. तेव्हा बालाघाटचा दिवाण मुर्शिदकुलीखान याने मोडलेल्या गावांत पाटील नेमले, बी-बैलांना तगाई दिली, कोरडवाहूला निम्मा आणि विहिरीच्या पिकाला तिसरा हिस्सा ठरवला. जिथे जमले तिथे मोजणीही केली. मोजणीच्या दोरीचे टोक हा दिवाण स्वतः धरी, असे सांगतात. (बंगालचा मुर्शिदकुलीखान तो हा नव्हे.) पाच-सहा वर्षांतच, १६५८ साली, तो धर्मतच्या लढाईत मारला गेला.

इकडे पुणे प्रांतात शहाजीराजांच्या जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी धारा बसवला तो मलिकंबरी पद्धतीनेच. पुढे पेशवाई आली, गेली. साताऱ्यास कारभार पाहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली, म्हणजे अंबरच्या मृत्यूनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, मराठ्यांचा इतिहास छापला. या हबशाचा धारा गावकऱ्यांच्या तोंडी तेव्हाही होता, आणि त्याच्या लढायांबरोबर डफने तोही लिहून ठेवला.