नाकेबंदी (युद्धतंत्र)

नाकेबंदी म्हणजे शत्रूच्या ताब्यातील प्रदेश, बंदर, किल्ला अथवा छावणी यांकडे जाणारे मार्ग सैन्यबळाने रोखून माणसे, अन्नधान्य, दारूगोळा व बातम्या यांची ये-जा बंद पाडण्याचे युद्धतंत्र होय. थेट हल्ला न करता शत्रूची रसद तोडून त्याला शरण येण्यास किंवा प्रतिकूल स्थितीत लढण्यास भाग पाडणे, हा तिचा हेतू असतो.

स्वरूप

नाका म्हणजे वाटेचे तोंड किंवा चौकीची जागा. असे नाके बंद करणे ही नाकेबंदी. वेढा व नाकेबंदी या संज्ञा पुष्कळदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. तथापि त्यांत फरक आहे. वेढ्यात एखादे ठाणे चहूबाजूंनी घेरून ते जिंकण्याचा प्रयत्न केला जातो. नाकेबंदीत मुख्य भर दळणवळण तोडण्यावर असतो आणि ती संपूर्ण किनारपट्टीचीही असू शकते. समुद्रावरील नाकेबंदीस नाविक नाकेबंदी म्हणतात.

नाकेबंदीचे यश तीन गोष्टींवर अवलंबून असते : सर्व वाटांवर अखंड पहारा, कोंडलेल्या पक्षाकडील साठा आणि कोंडणाऱ्या सैन्याची स्वतःची रसद. यांपैकी तिसरी बाब दुर्लक्षिली गेल्यास कोंडी करणाराच कोंडीत सापडतो.

मराठ्यांच्या इतिहासातील उदाहरणे

पन्हाळा (१६६०) : विजापूरचा सरदार सिद्दी जौहर याने मार्च १६६० मध्ये पन्हाळ्यास वेढा घातला. पावसाळ्यात वेढा सैल पडेल ही अपेक्षा फोल ठरली व बाहेरून तो मोडण्याचा नेताजी पालकरांचा प्रयत्नही अयशस्वी झाला. अखेर जुलैमध्ये शिवाजी महाराज रात्रीच्या वेळी वेढ्यातून निसटून विशाळगडास पोहोचले. या वाटेवर पाठलाग अडवताना बाजीप्रभू देशपांडे धारातीर्थी पडले.

खांदेरी (१६७९) : मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची रसद तोडण्याचा प्रयत्न केला. पुढे जंजिऱ्याचा सिद्दीही त्यांना येऊन मिळाला. मात्र मराठ्यांच्या लहान, उथळ पाण्यातूनही चालणाऱ्या होड्या रात्री किनाऱ्यावरून बेटावर सामान पोहोचवत राहिल्या. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावर अवलंबून असल्याने त्यांना या होड्या अडवता आल्या नाहीत. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली व बेट मराठ्यांकडे राहिले.

पानिपत (१७६०-६१) : पानिपतच्या मोहिमेत दोन्ही सैन्यांनी एकमेकांची नाकेबंदी केली. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा जिंकले. त्यानंतर अहमदशहा अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून मराठे व दिल्ली यांच्यामध्ये आला. त्यामुळे मराठ्यांचा दक्षिणेकडील मार्ग तुटला, तर अब्दालीचा अफगाणिस्तानकडील मार्ग मराठ्यांनी अडवला. अब्दालीला मात्र रोहिल्यांच्या मुलखातून, म्हणजे यमुनेपलीकडून, धान्य मिळत होते. ते तोडण्याची कामगिरी गोविंदपंत बुंदेले यांच्याकडे होती. डिसेंबर १७६० मध्ये अचानक झालेल्या हल्ल्यात ते मारले गेले आणि ही बाजू उघडी पडली. मराठ्यांच्या छावणीत लढवय्यांखेरीज बायका-मुले, यात्रेकरू व नोकरचाकर यांची संख्या मोठी होती. धान्य व वैरण संपत जाऊन माणसे आणि जनावरे उपासमारीने खंगली. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढणे बरे, असा निर्णय होऊन १४ जानेवारी १७६१ रोजी सैन्य छावणीबाहेर पडले. त्या दिवसाच्या पराभवामागे आधीच्या सुमारे अडीच महिन्यांच्या कोंडीचा मोठा वाटा होता.

आधुनिक काळ

पहिल्या महायुद्धात ब्रिटनने जर्मनीची नाविक नाकेबंदी केली. युद्धविराम झाल्यावरही ती १९१९ पर्यंत चालू होती. १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाकडे जाणारी जहाजे अडवताना ‘नाकेबंदी’ हा शब्द टाळून ‘क्वारंटाईन’ असा शब्द योजला, कारण नाकेबंदी ही युद्धकृती मानली जाते. १९७१ च्या युद्धात भारतीय नौदलाने विक्रांत या विमानवाहू नौकेच्या साहाय्याने पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्याची नाकेबंदी केली. त्यामुळे तेथील पाकिस्तानी सैन्याला समुद्रमार्गे कुमक मिळणे किंवा निसटून जाणे अशक्य झाले.

आंतरराष्ट्रीय कायदा

१८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यानुसार नाकेबंदी बंधनकारक ठरण्यासाठी ती परिणामकारक असावी लागते. म्हणजे किनाऱ्यावर प्रवेश खरोखर रोखण्याइतके बळ तेथे असले पाहिजे. केवळ कागदोपत्री घोषणा पुरेशी नसते. नाकेबंदीची पूर्वसूचना देणे व ती सर्व राष्ट्रांच्या जहाजांना सारखीच लागू करणे, हेही संकेत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ४२ अन्वये सुरक्षा परिषद शांतता राखण्यासाठी नाकेबंदीचा अवलंब करू शकते.

नाकेबंदीची झळ सैनिकांआधी बहुधा सामान्य नागरिकांना बसते, कारण उपलब्ध धान्य प्रथम सैन्याकडे वळवले जाते. म्हणूनच जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक मसुद्याने नागरिकांची उपासमार करणे हे युद्धसाधन म्हणून निषिद्ध ठरवले आहे.