क्लॅम्प काढल्यावर काय उरतं?

संध्याकाळी शिफ्ट सुटली की महाळुंग्यात तळेगाव-चाकण रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. कंपन्यांच्या बस, कंटेनर, दुचाक्या, वडापावच्या गाड्या. त्या गर्दीतल्या विशीतल्या एखाद्या पोराला विचारा, "काय, कसं चाललंय?" तो सहज सांगेल, "बाँडवर आहे, अजून दीड वर्ष." कंपनीनं खर्च करून काम शिकवलं, महागडं मशिन हातात दिलं, त्याच्या बदल्यात ठरलेली मुदत संपेपर्यंत जायचं नाही, एवढाच सौदा.

आता इथून निघा आणि राजगुरुनगर, वाडा करत भोरगिरीच्या दिशेनं चढायला लागा. तालुका तोच, खेड. पण कारखान्यांचे पत्रे मागे पडतात आणि भीमाशंकरचा डोंगर समोर येतो. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या इथे उतारांवर विखुरलेल्या आहेत. अशा भागातल्या सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर आला की लोक काय म्हणतात? "बाँडवर आलेत." तोच शब्द! गिअर बनवणाऱ्या पोराला आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला एकाच दोरीनं बांधणारा हा कागद आहे तरी काय?

आधी अडचण समजून घेऊ. सरकारी निकषानुसार सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं, डोंगराळ आणि आदिवासी भागात मात्र २०,००० लोकांमागे. असा फरक का? कारण डोंगरात अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही, तासांत मोजावं लागतं. ओढ्याला पाणी आलं की पलीकडची वाडी परमुलूख होते. केंद्राची इमारत बांधता येते, रंगही देता येतो. पण आत बसणारा डॉक्टर? रुग्णांची गर्दी, मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, सगळं शहराच्या टोकाला आहे. पाणी उताराकडे धावतं, तसे डॉक्टर शहराकडे. त्यांना चढावर न्यायचं तर पंप हवा.

माणसानं तो पंप शोधून काढला आणि त्याचं नाव ठेवलं शिष्यवृत्ती. तुझ्या शिक्षणाचा खर्च आम्ही उचलतो, तू आमच्याकडे येऊन राहा. किती साधी कल्पना! पण ती जपानमध्ये कुठवर गेली ते पाहा.

१९७२ साली तिथे जिची वैद्यकीय विद्यापीठ उभं राहिलं. जपानचे प्रांत ४७. प्रत्येक प्रांत आपल्याकडची दोन-तीन मुलं निवडून तिथे पाठवतो. सहा वर्षांच्या शिक्षणाची फी कर्जाऊ मिळते. पुढे शिक्षणाच्या दीडपट काळ आपल्याच प्रांतात सेवा करायची. सहाची दीडपट किती? नऊ! यातला मोठा काळ बेटांवर, डोंगरात, दूरच्या दवाखान्यांत जातो. नऊ वर्षं भरली की कर्ज शून्य. मध्येच सोडलं तर सगळी रक्कम व्याजासकट एकरकमी भरायची. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर एवढ्या लांब मुदतीवर सही करून टिकेल का? टिकतं! नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी करार पूर्ण केला. आणि खरी कमाल तर पुढेच आहे. कर्ज फिटलं, दार उघडलं, तरी त्यांच्यातले बहुतेक आपल्या प्रांतातच राहिले. का राहिले असतील? हा प्रश्न हातात धरून ठेवा.

अमेरिकेनं १९७० साली कायदा करून डॉक्टरांचं एक राष्ट्रीय सेवादल उभारलं आणि १९७२ मध्ये त्याला शिष्यवृत्तीची जोड दिली. फी भरली जाते, वर महिन्याचा खर्चही मिळतो. जितकी वर्षं मदत घ्याल तितकी वर्षं डॉक्टर नसलेल्या भागात प्राथमिक उपचार करायचे, किमान दोन तरी. शब्द मोडलात? मग परतफेड तिप्पट.

आपल्याकडे? महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड. पूर्वी तो टाळणाऱ्याला १० लाख रुपये दंड असे. पण दंडापेक्षा मला थक्क करतो तो दुसराच एक नियम. सरकारी सेवेतल्या डॉक्टरनं दुर्गम भागात काम केलं, तर एमडी-एमएसच्या प्रवेशासाठी दर वर्षामागे मिळालेल्या गुणांच्या १० टक्क्यांपर्यंत वाढीव गुण द्यायची मुभा केंद्रीय नियमांनी राज्यांना दिली. कमाल मर्यादा ३० टक्के. हिशेब करून बघा. परीक्षेत ४०० गुण पडले, तर डोंगरातल्या एका वर्षानं ते ४४० होऊ शकतात, दोन वर्षांनी ४८०, तीन वर्षांनी ५२०. कंदिलाच्या उजेडात केलेलं बाळंतपण आणि मध्यरात्री उतरवलेलं सापाचं विष गुणपत्रिकेत येऊन बसतं!

आता पुन्हा महाळुंग्याला येऊ, कारण या सगळ्याची किल्ली इथल्या वर्कशॉपमध्ये आहे. दोन पत्रे वेल्ड करताना बघितलेत? आधी ते फिक्श्चरमध्ये बसवतात आणि क्लॅम्प आवळतात. जोड नेमक्या जागी धरून ठेवायचा, मग वेल्ड मारायचं, थंड होऊ द्यायचं. त्यानंतर क्लॅम्प काढतात आणि जोड तसाच राहतो. वेल्ड न मारता नुसताच क्लॅम्प लावला तर? काढल्याक्षणी पत्रे सुटे. बाँड हा क्लॅम्प आहे. तो डॉक्टरला गावाशी धरून ठेवतो, पण जोडत नाही. मग वेल्ड कुठलं?

ते पाहायला सेवाग्रामला चला. गांधीजींच्या वैद्य आणि पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. नव्या विद्यार्थ्यांनी पहिले पंधरा दिवस आश्रमात घालवायचे: खादी, प्रार्थना, श्रमदान. पुढे अख्ख्या तुकडीनं एका गावात पंधरा दिवस मुक्काम करायचा. प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच कुटुंबं येतात आणि मुक्काम संपला तरी त्यांच्याकडे जाणं-येणं चालू राहतं. १९९२ मध्ये संस्थेनं आणखी एक पायरी बांधली: इथल्या पदवीधराला इथेच एमडी करायचं असेल, तर आधी दोन वर्षं ग्रामीण भागातल्या संस्थेत काम. क्रम लक्षात आला? आधी ओळख, मग बंधन. म्हणजे क्लॅम्प आवळण्याआधीच वेल्डची तयारी!

आता जपानचं कोडं उलगडतं. प्रांतानं निवडलेलं पोर परकं नसतंच. त्याची बोली, त्याचं रान, त्याचे नातेवाईक तिथेच असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली नेमकं हेच सुचवलं: ग्रामीण भागातली मुलं निवडा, शिकताना त्यांना गावात न्या, आणि शिष्यवृत्तीच्या बदल्यात सेवा घ्या.

हे वेल्ड बसतं कसं, ते जवळून बघा. अंगणात एक लेकरू आजीच्या मांडीवर आहे. तरुण डॉक्टर त्याच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळते. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, आणि ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. पट्टी लालवर थांबते. पट्टी कुणीही गुंडाळेल. पण आई पहाटेच रानात जाते आणि दिवसभर लेकराला भरवायला घरी फक्त ही थकलेली आजी असते, हे त्या पट्टीवर लिहिलेलं नसतं. ते आजी सांगते, आणि पहिल्या भेटीत नाही सांगत. चौथ्या-पाचव्या भेटीत, चहाचा कप पुढे करताना, हळूच सांगते. त्या दिवसापासून उपचार बदलतो, आणि डॉक्टरही बदलते.

शिष्यवृत्तीनं विकत काय घेतलं, तर ही पाचवी भेट. एका भेटीसाठी आलेला डॉक्टर कितीही हुशार असो, त्याला ती मिळत नाही. ती फक्त राहणाऱ्याला मिळते. म्हणून मुदत हवी, आणि ती पुरेशी लांब हवी. मग एके दिवशी बाँड संपतो, क्लॅम्प सुटतो, गाडीत सामान भरायची मोकळीक मिळते, आणि नेमकी त्याच सकाळी दारात ती आजी उभी असते. लेकराच्या दंडावरची पट्टी आता हिरव्यावर आलीये, ते दाखवायला.