दातात खजूर, डोळ्याला सेक्स्टंट

रमजानात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात रोज सहरी-इफ्तारचे वेळापत्रक छापून येते. त्यात सांगली आणि सातारा यांच्या वेळांत साधारण दोन मिनिटांचा फरक असतो. लहानपणी साताऱ्याला नानीकडे रोजे ठेवताना ही दोन मिनिटे मला मोठा अन्याय वाटायची. तेवढ्यात सांगलीतल्या भावंडांचे शरबत पिऊन झालेले असायचे! पुढे भौतिकशास्त्र शिकवू लागलो तेव्हा हिशेब कळला. सातारा सांगलीच्या पश्चिमेला अर्ध्या अंशाहून थोडे जास्त आहे, आणि पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटे लागतात.

ही दोन मिनिटे परवा पुन्हा आठवली. आमचा एक जुना विद्यार्थी मालवाहू जहाजावर चीफ ऑफिसर आहे. रमजान लागण्याच्या आधीच्या आठवड्यात तो सुट्टीवर आला आणि येताना बगलेत एक लाकडी पेटी घेऊन आला. पेटीत सेक्स्टंट होता. दिवाणखान्यात ठेवायला मिळतो तसला पितळी शोभेचा नव्हे, तर कामाचा, कडेचा रंग उडालेला.

गेल्या रमजानात त्याचे जहाज ओमानच्या आखातात होते. एका दुपारी जीपीएस वेड्यासारखे वागू लागले. “सर, स्क्रीनपे देखो तो हमारा जहाज एअरपोर्टपे खडा!” तो हसत सांगत होता, पण तेव्हा कुणीच हसले नसणार. त्या भागात गेली काही वर्षे उपग्रहांचे संदेश दाबले जातात किंवा खोटे सोडले जातात. किनारा रडारच्या टप्प्यात नव्हता. कॅप्टनने सांगितले, पेटी काढ.

ताऱ्यांवरून जागा काढायची तर तारा आणि क्षितिज दोन्ही एकाच वेळी दिसायला हवेत. दिवसा तारे नाहीत, रात्री क्षितिज नाही. सूर्य बुडाल्यानंतरचा थोडा वेळ तेवढा हातात असतो, म्हणजे नेमकी इफ्तारची आणि मगरिबची वेळ. चार ते आठची पाळी त्याचीच. त्याने खजूर दातात धरला, डोळा दुर्बिणीला लावला आणि एकामागून एक तीन तारे मोजले.

दातात खजूर म्हटल्यावर मला एकदम अरब नाखव्यांचे ‘कमाल’ आठवले. कमाल म्हणजे लाकडाची चौकोनी फळी आणि तिच्या मधोमध ओवलेली, गाठी मारलेली दोरी. एकेका बंदराच्या अक्षांशासाठी एकेक गाठ. ती गाठ दातात धरायची, दोरी ताणून फळी पुढे करायची. खालची कड क्षितिजाला आणि वरची कड कुतुब ताऱ्याला, म्हणजे ध्रुवाला टेकली, की बंदराच्या अक्षांशावर आलो. मग फक्त पूर्वेला किंवा पश्चिमेला जायचे. कोन अंशांत नव्हे तर ‘इस्बा’त, म्हणजे बोटांत मोजत. पंधराव्या शतकातल्या इब्न माजिदच्या ग्रंथांत हाच हिशेब आहे. या फळीची खोट एकच. डोळ्याला एकदा खाली आणि एकदा वर पाहावे लागते, आणि मधल्या क्षणात जहाज डुलते.

युरोपातल्या खलाशांची अडचण याहून वाईट होती. त्यांना सूर्य मोजायचा तर थेट सूर्याकडे पाहावे लागे. 1590च्या दशकात जॉन डेव्हिसने सूर्याकडे पाठ करून सावलीवरून मोजायची युक्ती काढली. डोळे वाचले, पण ताऱ्याची सावली कुठून आणणार?

खरे काम केले ते दोन छोट्या आरशांनी. 1731 साली लंडनमध्ये जॉन हॅडलीने आपले उपकरण रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याच सुमारास फिलाडेल्फियात थॉमस गॉडफ्रे नावाच्या, खिडक्यांना काचा बसवणाऱ्या कारागिराने स्वतंत्रपणे तेच शोधले होते. (न्यूटनच्या कागदांतही अशी कल्पना होती, पण ती कागदातच राहिली.) एक आरसा फिरता असतो, तो ताऱ्याचा प्रकाश दुसऱ्या आरशाकडे पाठवतो. दुसरा आरसा निम्मा पारा लावलेला आणि निम्मा साधी काच. साध्या अर्ध्यातून क्षितिज दिसते, पारा लावलेल्या अर्ध्यात तारा. फिरता आरसा हळूहळू वळवत तारा खाली आणायचा आणि क्षितिजावर टेकवायचा. आता जहाज कितीही डुलो, दोन्ही प्रतिमा बरोबरच डुलतात, त्यांच्यातला कोन बिघडत नाही.

आरसा एक अंश वळला की किरण दोन अंश वळतो, हा नियम मी वीस वर्षे फळ्यावर शिकवतो आहे. त्यामुळेच वर्तुळाच्या एक अष्टमांश कडेवर नव्वद अंश मावतात, तो ऑक्टंट. पुढे चंद्र आणि तारे यांच्यातले मोठे अंतर मोजून रेखांश काढायची गरज पडली, म्हणून कड एक षष्ठांश केली आणि एकशेवीस अंश मिळाले, तो सेक्स्टंट. 1770च्या दशकात जेसी रॅम्सडेनने कडेवरच्या खुणा पाडण्याचे यंत्रच तयार केले. हाताने कोरलेल्या खुणांचा डोलारा गेला, उपकरण लहान झाले तरी अचूक राहिले. हे सगळे मला पाठ आहे. पण सेक्स्टंट हातात मी परवा प्रथमच घेतला, हे कबूल करायला हवे.

तर आमच्या गच्चीवर क्षितिज कुठून आणायचे? समोर पाण्याच्या टाक्या आणि एक अर्धवट बांधलेली इमारत. विद्यार्थी म्हणाला, “काकवी है क्या घर में?” जमिनीवर मोजणी करणारे जुने लोक ताटलीत पारा ओतत, नाहीतर काळा पाक. त्याचा पृष्ठभाग आपोआप सपाट होतो. तारा आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यातला कोन मोजायचा आणि निम्मा करायचा. काकवी घट्ट, वाऱ्याने हलत नाही. गुऱ्हाळावरून आणलेली बरणी बेगमने परातीत ओतली, पण चेहरा सांगत होता की हा प्रयोग तिला मंजूर नाही.

रात्री साडेनवाच्या सुमारास दक्षिणेला सुहैल माथ्यावर आला होता. मराठीत हाच अगस्ती. सेक्स्टंटवर कोन आला 41 अंश 5 मिनिटे. निम्मा केला, हवेतून प्रकाश वाकतो त्याची अडीच मिनिटे वजा केली, राहिले साडेवीस अंश. ताऱ्याच्या तक्त्यावरून सांगलीचा अक्षांश निघाला 16 अंश 48 मिनिटे. खरा आहे 16 अंश 51. तीन मिनिटांची चूक, म्हणजे साडेपाच किलोमीटर.

“मतलब आपण मिरजेत उभे आहोत,” बेगम म्हणाली.

जहाजावर आणखी एक वजाबाकी असते. जितक्या उंचावर उभे राहाल तितके क्षितिज खाली जाते. त्याच्या जहाजाचा ब्रिज पाण्यापासून पंचवीस मीटर उंच आहे, तेवढ्याने नऊ मिनिटांचा फरक पडतो. तो विसरला तर जागा नऊ सागरी मैलांनी चुकते. अल-बिरुनीने अकराव्या शतकात पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून हाच उतार मोजला आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. दुबईत 2011 साली याच कारणाने फतवा निघाला. बुर्ज खलिफात ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी इफ्तार दोन मिनिटे उशिरा करायची, दीडशेच्या वर तीन मिनिटे. वरच्यांना सूर्य अजून दिसत असतो.

मी विचारले, त्या संध्याकाळी तुझे तीन तारे काय म्हणाले? तिन्ही रेषा छोट्या त्रिकोणात भेटल्या. वेग आणि दिशेवरून अंदाजाने जिथे जहाज असायला हवे होते, तिथून दोनच मैल दूर. खजूर त्याने तोपर्यंत गिळलाही नव्हता, पाणी मिळाले ते गणित झाल्यावर.

सुहैल या महिन्यात पाहायचा असेल तर अंधार पडल्यावर दक्षिणेला बघा. सर्वांत तेजस्वी व्याध दिसेल, त्याच्या बऱ्याच खाली दुसरा ठळक तारा तो सुहैल. दिवस जातील तसा तो लवकर पश्चिमेकडे कलेल. साताऱ्यात तो सांगलीपेक्षा दीड चंद्राएवढा खाली दिसतो, आणि दक्षिणेलाच अजिंक्यतारा उभा आहे. किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी राहणाऱ्यांनी थोडे उत्तरेला, पोवई नाक्याकडे सरकावे.