फायटर बघत बसतो, विझर्ड भाव खातो : क्लास बॅलन्सचं गणित बिघडतं कुठे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना झालेला पसारा थोडा आवरलाय, बाकी जसंच्या तसं.

एका श्रोत्याचा मेसेज आलाय. पाच मित्र दर शनिवारी रात्री व्हिडिओ कॉलवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात. हा पठ्ठ्या फायटर. चौथ्या लेव्हलपर्यंत सगळं झकास चाललं होतं. पाचव्या लेव्हलला ग्रुपमधल्या विझर्डला फायरबॉल मिळाला आणि तेव्हापासून याची तलवार म्यानातून निघायच्या आत लढाई आटोपते. मग हा कॅमेरा बंद करून रील्स बघत बसतो. त्याचा प्रश्न : फायटर हा क्लासच कमजोर आहे का? बदलून टाकू का?

थांब मित्रा. आधी एक सांग, तुमचा डीएम एका दिवसात किती लढाया देतो? म्हणजे तुमचा शनिवार नाही, गोष्टीतला दिवस.

नवीन मंडळींसाठी पटकन : या खेळात प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि त्या पात्राचा क्लास म्हणजे त्याचा पेशा. फायटर शस्त्र चालवतो, विझर्ड मंत्र टाकतो, रोग कुलपं उघडतो, क्लेरिक जखमा भरतो. डीएम म्हणजे डंजन मास्टर, जो गोष्ट चालवतो आणि राक्षस अंगावर सोडतो. क्लास बॅलन्स म्हणजे यातलं कुणीही निवडलं तरी टेबलावर त्याला तितकंच काम मिळावं. ऐकायला सोपं वाटतं. पन्नास वर्षं झाली, अजून भांडणं चालू आहेत.

आता आकडे काढू. २०१४ची पाचवी एडिशन धरू, कारण बरेच ग्रुप अजून तीच खेळतात. पाचव्या लेव्हलचा फायटर, हातात दोन्ही हातांनी धरायची मोठी तलवार, ताकद १८. एका घावाला सहा बाजूंचे दोन फासे अधिक ४, सरासरी ११. एका टर्नला दोन घाव, म्हणजे २२, तेही दोन्ही लागले तर. विझर्डचा फायरबॉल म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. पण हे २८ एकाला नाही, २० फूट त्रिज्येच्या गोलात जो जो उभा असेल त्या प्रत्येकाला. साध्या ऑर्कचे हिट पॉइंट्स १५. चार ऑर्क घोळक्याने आले तर चारही राख. एखाद्याने सेव्ह केला तरी त्याला निम्मं लागतंच, म्हणजे तो कसाबसा उभा. तोवर फायटरने एक ऑर्क पाडलेला असतो.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, क्लास बदलच बाबा. पण या विझर्डकडे फायरबॉल टाकायच्या जागा किती? दोन. छोट्या विश्रांतीत दिवसातून एकदा तो एक जागा परत मिळवू शकतो, म्हणजे फार तर तीन. मग खालच्या लेव्हलचे सात मंत्र, आणि तेही संपले की उरतो फायर बोल्ट, जो कितीही वेळा टाकता येतो. त्याची पाचव्या लेव्हलची सरासरी ११. म्हणजे रिकामा झालेला विझर्ड बरोबर अर्धा फायटर! शिवाय चिलखत नाही, आणि हिट पॉइंट्सही फायटरपेक्षा कमी.

आणि फायटरचं काय संपतं? तलवार तर संपत नाही. अॅक्शन सर्ज, म्हणजे एका टर्नमध्ये जादा अॅक्शन घ्यायची त्याची युक्ती, ती एका तासाच्या छोट्या विश्रांतीनंतर परत येते. विझर्डला मात्र आठ तासांची मोठी विश्रांती लागते. क्रिकेटच्या भाषेत, फायटर दिवसभर एका टोकाकडून टाकत राहणारा कसोटीचा बॉलर आहे आणि विझर्ड आल्या आल्या फटकेबाजी करणारा बॅट्समन. मॅच पाच ओव्हरची ठेवली तर बॉलरला दोष देऊन कसं चालेल?

२०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये हे छापलेलंच आहे : मध्यम किंवा अवघड अशा सहा ते आठ झटापटी पार्टी एका दिवसात पेलू शकते, आणि मधे साधारण दोन छोट्या विश्रांती. सगळ्या क्लासचं गणित या दिवसावर बेतलेलं आहे. आता खरं सांगा, तुमच्यापैकी किती ग्रुपमध्ये एका दिवसात सहा लढाया होतात? तीन तासांच्या सेशनमध्ये एक लढाई, थोड्या गप्पा, एक खानावळ, आणि मग पार्टी झोपली. सकाळी विझर्ड पुन्हा फुल्ल चार्ज. असा एकाच लढाईचा दिवस रोज मिळाला तर तीन फेऱ्यांत फायटर अॅक्शन सर्ज धरून जास्तीत जास्त ८८ डॅमेज करेल. विझर्डचे दोन फायरबॉल, प्रत्येक वेळी चार ऑर्क, झाले २२४. तोच दिवस सात लढायांचा करा. पाचव्या लढाईला विझर्ड फायर बोल्ट टाकत असेल आणि फायटर अजून २२वरच असेल.

हे कोडं जुनं आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा पहिला खेळ आला तेव्हा क्लास तीनच होते : फायटिंग मॅन, मॅजिक यूजर आणि क्लेरिक. तिथे बॅलन्स एका लढाईत नव्हताच, तो पात्राच्या अख्ख्या आयुष्यात पसरलेला होता. दुसऱ्या लेव्हलला जायला फायटिंग मॅनला २००० पॉइंट्स लागायचे, मॅजिक यूजरला २५००. पहिल्या लेव्हलला त्याच्याकडे दिवसाला एकच मंत्र. तो टाकला की दिवसभर मित्रांच्या मागे लपायचं. बहुतेक जण मोठे व्हायच्या आधीच मरायचे, जो वाचला त्याने पुढे हवा केली. नंतरच्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीत मंत्र म्हणताना फटका बसला तर मंत्र वाया जायचा. आणि फायटर नवव्या लेव्हलला पोचला की त्याला गढी बांधून पदरी सैनिक ठेवता यायचे. म्हणजे उतारवयात एकाकडे जादू, तर दुसऱ्याकडे फौज.

२००० साली तिसरी एडिशन आली आणि तिने नियम सुटसुटीत केले. सगळ्यांना एकच पॉइंट्सचा तक्ता, आणि फटका बसला तरी चेक यशस्वी करून मंत्र वाचवायची सोय. फायटरची फौज गेली, बदल्यात फीट्स मिळाले. एकेक बदल शहाणपणाचा होता, पण विझर्डला लावलेले ब्रेक त्यात एकामागोमाग एक निघून गेले. तिथूनच खेळाडूंमध्ये ते प्रसिद्ध वाक्य फिरायला लागलं की फायटर सरळ रेषेत वाढतो आणि विझर्ड वर्गात वाढतो, गणितातल्या वर्गात.

२००८च्या चौथ्या एडिशनने मग इलाजच जालीम केला. प्रत्येक क्लासला सारख्याच साच्याची पॉवर्स : काही कितीही वेळा वापरायची, काही झटापटीत एकदा, काही दिवसातून एकदा. फायटरकडेही दिवसातून एकदाची मोठी चाल होती. आकड्यांच्या हिशेबात इतका बॅलन्स डी अँड डीला आधी कधी जमला नव्हता, आणि नेमक्या त्याच एडिशनवर अनेक जुने खेळाडू चिडले. म्हणाले, सगळे क्लास सारखेच वाटतात. २००९मध्ये पायझो कंपनीने तिसऱ्या एडिशनच्या पायावर पाथफाइंडर काढला आणि यातले बरेच जण तिकडे गेले. माझं मत विचाराल तर चौथ्या एडिशनला लोकांनी उगाच झोडपलं. पण तक्रार खरी होती : सगळ्यांची ताकद समान झाली की सगळ्यांची चव एक होते.

आता लढाईबाहेरचं बघू, कारण आकडे इथे हात टेकतात. दरी ओलांडायची? फ्लाय. पहारा चुकवायचा? इनव्हिजिबिलिटी. कुलूप? नॉक. विझर्डकडे प्रसंगाला नवा नियम असतो, फायटरकडे फासा असतो. नॉकची एक गंमत मात्र मला फार आवडते. मंत्राने कुलूप उघडतं खरं, पण ठोठावल्याचा इतका मोठा आवाज होतो की ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. रोग तेच कुलूप चुपचाप उघडतो. एका आवाजाने त्याची नोकरी वाचवली!

तर मित्रा, तुझ्या ग्रुपसाठी. डीएमला सांग की गोष्टीत घड्याळ ठेव. पळवून नेलेला पोरगा आज रात्री जहाजावर चढणार असेल तर आठ तास झोपायची चैन परवडत नाही. तसाही मोठ्या विश्रांतीचा फायदा चोवीस तासांत एकदाच मिळतो, हा नियम बरेच ग्रुप विसरतात. ऑर्क मूर्ख नसतात, त्यांना विखरून उभं कर. दोन लाटांत आण. तुमची गोष्टच संथ असेल, दिवसाला एकच लढाई होत असेल, तर गाइडमध्ये एक पर्यायी नियम आहे : छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची. तो लावला की तुमच्या सहा लढाया आठवड्यात पसरतात आणि गणित पुन्हा जागेवर येतं. विझर्ड कुरकुर करेल, करू दे.

डीएम तयार असेल तर २०२४चा फायटर घे. शस्त्रांना मास्टरीचे गुण आलेत, म्हणजे घावाबरोबर शत्रूला ढकलणं, पाडणं जमतं. आणि दुसऱ्या लेव्हलला टॅक्टिकल माइंड मिळतं : एखादा अॅबिलिटी चेक फसला तर सेकंड विंडचा एक वापर मोडून दहा बाजूंचा फासा त्यात मिळवायचा, आणि तरीही फसला तर तो वापर खर्ची पडत नाही. कडा चढणं, दार फोडणं, दरबारात बोलणं, सगळीकडे चालतं.

एवढं करून तीन सेशन खेळ. त्यानंतरही कॅमेरा बंदच राहिला, तर खुशाल क्लास बदल. पण वॉरलॉक घ्यायचा विचार असेल तर थोडा थांब. त्याचे मंत्र छोट्या विश्रांतीवर परत येतात, म्हणजे एका लढाईच्या दिवसात त्याचीही तुझ्यासारखीच पंचाईत. त्याच्यावर पुढच्या एपिसोडमध्ये. प्रश्न पाठवताना तुमची लेव्हल, पार्टीत कोण कोण आहे आणि दिवसाला किती लढाया होतात, हे तेवढं लिहा.