सावलीची दिशा, सावलीची लांबी

हस्तिदंताची दोन पानं, मध्ये बिजागरी. मिटली की चपटी डबी, उघडली की घड्याळ. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत अशी सूर्यघड्याळं बनत. ती घडवणाऱ्यांना तिथे ‘कोम्पासमाखर’ म्हणत, म्हणजे होकायंत्रवाले. नाव रास्तच, कारण होकायंत्र नसेल तर हे घड्याळ निव्वळ शोभेची डबी.

वरचं पान उभं केलं की दोन्ही पानांमध्ये दोरा ताणला जातो. या दोऱ्याची सावली तास सांगते. त्यासाठी दोरा पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा, म्हणजे आडव्या पानाशी त्याचा कोन त्या गावाच्या अक्षांशाएवढा. न्यूरेंबर्गला साधारण ४९.५ अंश. दूरच्या प्रवासाला निघालं की दोऱ्याचं टोक दुसऱ्या भोकात ओवायचं. काहींवर गावं आणि त्यांचे अक्षांशही कोरलेले असत. टुखर घराण्याचा साप, राइनमानचा मुकुट, ट्रोशेलचा पक्षी अशा खुणांवरून कारागीर ओळखू येतो. ट्रोशेल हे नाव जर्मनमधल्या कस्तुर पक्ष्याच्या नावाशी जुळतं, म्हणून तो पक्षी.

दोरा उत्तर-दक्षिण जुळवायचं काम होकायंत्राच्या सुईचं. पण सुई नेमकी उत्तर दाखवत नाही. कारागिरांना हे ठाऊक होतं, म्हणून सुईच्या खाचेत ते खऱ्या उत्तरेपासून थोडी सरकवलेली रेघ कोरत. सुई असं का वागते ते कुणालाच सांगता येत नव्हतं. रेघ मात्र पंधराव्या शतकाच्या मध्यातल्या घड्याळांवरही आहे. याच शहरातला पाद्री आणि उपकरणकार गेओर्ग हार्टमान याने १५४४ च्या एका पत्रात आणखी एक गोष्ट नोंदवली: सुई खालीही झुकते. त्याने झुकाव मोजला ९ अंश. प्रत्यक्षात तो कितीतरी पट जास्त असतो. पण झुकते हे त्याने पाहिलं, तेच मोठं.

हार्टमानच्याच काळात कोकणात, मुरुडजवळच्या नांदगावी, ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञांनी ‘प्रतोदयंत्रा’वर छोटा ग्रंथ लिहिला. प्रतोद म्हणजे चाबूक. विधिमंडळातला ‘पक्षप्रतोद’ त्याच घरचा. चाबकाच्या दांड्याला पैलू, पैलूंवर वर्षातल्या वेगवेगळ्या दिवसांच्या खुणा, वर आडवी खुंटी. दांडा उभा धरून खुंटी सूर्याकडे वळवायची आणि दांड्यावर पडलेल्या सावलीच्या लांबीवरून घटिका वाचायच्या. इथे दिशेचा प्रश्नच नाही, सूर्य किती वर आलाय एवढंच मोजायचं. म्हणून सुई नको की तिची चूक नको. मला ही युक्ती हस्तिदंताच्या डबीपेक्षा सरस वाटते.

तिलाही अडचणी आहेतच. माध्यान्हीच्या आसपास सूर्याची उंची फारशी बदलत नाही, त्यामुळे तेव्हा वेळ ढोबळच कळते. शिवाय सकाळी आणि दुपारी तीच उंची येते. आभाळात सूर्य कलला की नाही याची शंका आलीच, तर घोडा थांबवायचा आणि खुंटीची सावली वाढतेय की आखडतेय ते जरा वेळ बघत बसायचं.